चार मोहरे, अनेक डोकी

बुद्धिबळ हा दोघांचा खेळ, असे नियमांचे पुस्तक सांगते. वऱ्हाडचा अनुभव थोडा निराळा आहे. अमरावती असो की अकोला, ओट्यावर वा पारावर पट मांडला की खेळणारे दोन आणि बघे आठ, हे ठरलेलेच. खेळणाऱ्यांपेक्षा आपल्याला अधिक दिसते, अशी बघ्यांची खात्री असते आणि ती बोलून दाखविल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. स्पर्धेच्या दालनात अशी कुजबूज गुन्हा ठरते आणि ते रास्तच होय. परंतु बुद्धिबळात अशी एक जागा आहे, जेथे या आठही जणांना बोलण्याचा हक्क आहे. ती म्हणजे डावाच्या अंतिम अवस्थेतील कूट.

या विषयाला आज वऱ्हाडात महत्त्व आले आहे. अमरावतीचे स्वप्नील धोपाडे २०१५ साली ग्रँडमास्टर झाले. शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषकाची मानकरी ठरली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. आपल्या मुलानेही पटाशी बसावे, असे पालकांना वाटू लागले तर त्यात नवल नाही. मात्र या उत्साहात मुलाचे गुणांकन किती वाढले एवढीच चौकशी होऊ लागली, तर खेळाचा अर्धा आनंद आणि निम्म्याहून अधिक शिक्षण हातचे निसटेल.

म्हणून एक कूट समोर ठेवावेसे वाटते. पांढऱ्याच्या बाजूने पाहून उभ्या रांगा डावीकडून आणि आडव्या रांगा खालून मोजाव्यात. पांढरा राजा दुसऱ्या उभ्या रांगेत सहाव्या घरात, पांढरे प्यादे तिसऱ्या रांगेत सातव्या घरात. काळा राजा पहिल्या रांगेत पहिल्या घरात, म्हणजे अगदी कोपऱ्यात, आणि काळा हत्ती चौथ्या रांगेत पाचव्या घरात. पटावर एवढेच चार मोहरे. खेळी काळ्याची आहे. प्यादे एका घरावर वजीर होण्यास टपलेले आहे. काळा वाचतो काय?

हत्ती एक घर वर जाऊन शह देतो. पांढऱ्या राजाने तिसऱ्या रांगेत पाऊल टाकले, तर हत्ती तळाच्या घरात उतरतो आणि वजीर जन्मताच मागून शह देऊन त्याला टिपतो. म्हणून राजा दुसऱ्या रांगेतूनच एकेक घर खाली उतरतो; हत्ती चौथ्या रांगेतून शह देत त्याच्यासोबत उतरतो. राजा तिसऱ्या घरापर्यंत आल्यावर पुढच्या शहाला तो तिसऱ्या रांगेत दुसऱ्या घरात जातो. आता शह संपले. तेव्हा हत्ती चौथ्या घरात परततो आणि सापळा लावतो. प्याद्याचा वजीर झाला की तिसऱ्या रांगेत येऊन तो शह देतो. वजिराने त्याला मारलेच पाहिजे. आणि मारताच काळ्या राजाला शह नाही, पण हलावयास घरही उरत नाही. डाव बरोबरीत.

१८९५ सालच्या मे महिन्यात ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए या सदरलेखकाने हे कूट हेच उत्तर देऊन छापले होते. त्याचे मूळ १८७५ साली लंडनमध्ये पॉटर आणि फेंटन यांच्यात झालेल्या एका डावात होते. तो डाव बरोबरीत सोडला गेला होता. त्यात विजय दडलेला होता, हे झुकरटोर्टने नंतर दाखविले. बार्बिएने काळा राजा कोपऱ्यात नेऊन बरोबरीचे कूट रचले. प्रकरण तेथेच मिटावयाचे. परंतु ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांदो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने एक साधा प्रश्न विचारला: प्याद्याचा वजीरच का करावयाचा? हत्ती केला तर? हत्ती झाला की काळ्याचा सापळा निकामी होतो, आणि पहिल्या उभ्या रांगेत येऊन मात करण्याची धमकी उभी राहते. ती अडविण्यासाठी काळा हत्ती त्या रांगेत चौथ्या घरात जातो. मग पांढरा राजा दुसऱ्या रांगेत तिसऱ्या घरात सरकतो. एकाच वेळी हत्तीवर हल्ला आणि तळाच्या रांगेत मात! दोन्ही वाचविणे काळ्याला शक्य नाही.

सावेद्रा हा मोठा खेळाडू नव्हता. तरीही बुद्धिबळाच्या जगात त्याचे नाव या एका खेळीने अजरामर झाले. यातील बोध स्पष्ट आहे. प्याद्याचा वजीर करावा ही जाणत्याची सवय असते आणि सवय डोळ्यांवर पट्टी बांधते. नवख्याला ती सवय नसते. खेळाडू, विश्लेषक, सदरलेखक आणि वाचक अशा अनेकांचे हात लागून वीस वर्षांत हे कूट पूर्णत्वाला गेले. एकट्याच्या बुद्धीचे ते फळ नव्हे.

पूर्वी स्पर्धेतही अशा सामुदायिक विचाराला वाव होता. लांबलेला डाव तहकूब होई, पुढची खेळी पाकिटात बंद होई आणि रात्रभर सहकारी एका पटाभोवती डोके लावीत. संगणक बलिष्ठ झाले आणि १९९० च्या दशकात ही प्रथा मावळली. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची बिनचूक कोष्टके मॉस्को येथे २०१२ साली तयार झाली. चार मोहऱ्यांचे हे कूट यंत्र निमिषात सोडविते. मग माणसांनी डोकेफोड कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. आखाड्यात माती उकरणाऱ्याला नांगराचा हिशेब कोणी विचारीत नाही. तेथे माती उकरली जाण्यापेक्षा दंड घडणे महत्त्वाचे असते. यंत्र उत्तर देते. शंका घेणे, दुसऱ्याची शंका ऐकून घेणे आणि आपली चूक चारचौघांत मान्य करणे ते शिकवीत नाही.

वऱ्हाडला ही गोष्ट परकी नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाला सार्वजनिक रूप दिले. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. शरीर आणि मन एकत्र येऊन घडविता येते, तर बुद्धी का नाही? शहरातील वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात आठवड्याला एक कूट मांडण्यास एक पट आणि तासाभराची फुरसत पुरे. नियम मोजकेच असावेत. भ्रमणध्वनी बाहेर राहावा. सर्वांत लहानाने प्रथम बोलावे, म्हणजे थोरांच्या मताचे दडपण त्याच्यावर येणार नाही. उत्तर सापडले असे म्हणणाऱ्याने प्रतिपक्षाच्या उत्तमोत्तम बचावापुढे ते सिद्ध करावे. आणि चुकलेली वाटही वहीत नोंदवावी, कारण बार्बिएची चुकलेली वाट नसती तर सावेद्राला प्रश्न सुचला नसता.

यातून प्रत्येक तालुक्यात ग्रँडमास्टर निपजेल, अशी आशा कोणी धरू नये. पण 'वजीरच का?' असे विचारणारे मूल तेवढे निपजले, तरी तो तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.