वाढीव अश्वशक्तीचा हिशेब

टोयोटा कंपनीने 1993 साली बाजारात आणलेल्या चौथ्या पिढीच्या सुप्रा मोटारीचा विषय निघाला, की तिच्या भोक्त्यांमध्ये बोलणे प्रथम आकड्यांवर येते. कोणाची गाडी 600 अश्वशक्तीची, तर कोणाची 1000 अश्वशक्तीची. हे आकडे अतिशयोक्तीचे असतातच असे नाही. या गाडीच्या तीन लिटरच्या टू-जेझेड-जीटीई इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत मांडलेले असून त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. जपानी कारखानदारांनी आपसांतील समजुतीने जाहीर शक्तीवर 280 अश्वशक्तीची मर्यादा घालून घेतली होती, आणि 2004 पर्यंत ती पाळली गेली. त्यामुळे स्वदेशात 280 च्या नोंदीने विकली गेलेली हीच सुप्रा अमेरिकेसाठी थोड्या निराळ्या साहित्यानिशी 320 अश्वशक्तीची होऊन गेली. सारांश, इंजिनाच्या अंगी राखीव सामर्थ्य भरपूर होते. ते बाहेर कसे काढावे आणि काढल्यावर ती गाडी रोजच्या रस्त्यावर चालविण्याजोगी कशी राखावी, हाच खरा प्रश्न आहे.

टर्बोचार्जरचे तत्त्व जुने. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूची जी ऊर्जा एरवी सायलेन्सरवाटे व्यर्थ जाते, तिच्यावर एक लहानसे चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरायची, आणि त्या वाढीव हवेच्या मानाने पेट्रोलही अधिक जाळायचे, असा हा सगळा व्यवहार. पण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे हे चक्र जितके मोठे, तितका त्याला गती येण्यास विलंब. म्हणूनच मोठ्या टर्बोची गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर सुस्त राहते आणि मग एकाएकी उसळते. या विलंबाला जाणकार ‘लॅग’ म्हणतात.

टोयोटाच्या अभियंत्यांनी यावर केलेली तजवीज बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्यांनी एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसविले आणि त्यांना कामाच्या पाळ्या नेमून दिल्या. इंजिनाचे फेरे कमी असतात तेव्हा सारा वायू पहिल्याच टर्बोकडे जातो, त्यामुळे तो झटकन वेग घेतो. फेरे मिनिटाला सुमारे 4000 वर आले, की झडपा उघडून दुसराही कामास लागतो. या झडपांचा बंदोबस्त राखण्यासाठी बॉनेटखाली रबरी नळ्यांचे मोठे जाळे पसरलेले असते. कालांतराने त्या नळ्या कडक होतात, चिरतात, आणि मग मालक कंटाळून ती सारी व्यवस्था काढून तेथे एकच भला मोठा टर्बो बसवितो. त्याने 6000 फेऱ्यांवरची शक्ती वाढते हे खरे. परंतु एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंतचे आयुष्य 1500 ते 3500 फेऱ्यांत जाते, आणि तेथला पिकअप मात्र हातचा जातो. डायनोवर, म्हणजे शक्ती मोजण्याच्या यंत्रावर, निघालेल्या आलेखाचे शिखर सगळेच पाहतात. शहाण्या मालकाने शिखराच्या डावीकडचा चढ पाहावा, कारण टॉर्क किती लवकर हाती येतो हे तेथेच कळते.

शक्ती वाढविताना कामाचा क्रमही महत्त्वाचा असतो. तीस अंश तापमानाची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली, की ती शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाते. अशी तापलेली हवा सिलिंडरात गेल्यास मिश्रण अवेळी स्फोट पावते, आणि हे नॉकिंग पिस्टनचा घात करते. यास्तव प्रथम दाबलेली हवा थंड करणारा चांगला इंटरकूलर, मग पुरेसा पेट्रोल-पंप आणि इंजेक्टर, त्यानंतर ईसीयूचे, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग, आणि सर्वांत शेवटी बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, असा क्रम ठेवावा. एरवी एक भाग पेट्रोलास 14.7 भाग हवा पुरते. पूर्ण बूस्टवर मात्र ज्वलनाची उष्णता आवरण्यासाठी हवेचे प्रमाण बारा भागांच्या आसपास, किंबहुना त्याहूनही खाली आणावे लागते. हा क्रम मोडणाऱ्यास जपानी सुप्राचा टर्बोच धडा देतो. त्यातील वायूचे चक्र सिरॅमिकचे आहे. हलके असल्यामुळे ते चटकन गती घेते. परंतु बूस्ट बेताबाहेर चढविला, की तेच चक्र तुटून त्याचे तुकडे होतात. अमेरिकेच्या गाडीत पोलादी चक्र होते. ते किंचित जड, पण अधिक सोशिक.

ट्यूनिंग करणाऱ्याचे खरे कसबही रोजच्या चालविण्यातच दिसते. पूर्ण ॲक्सिलरेटरवरचा नकाशा, म्हणजे ईसीयूतील आकड्यांचा तक्ता, बसविण्याचे काम तुलनेने लवकर उरकते. परंतु थंडीत पहाटे इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू व्हावे, मोठे इंजेक्टर असूनही त्याने सिग्नलवर न धडपडता संथ चालावे, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर हिसके देऊ नयेत, यासाठी निरनिराळ्या हवामानात गाडी पुनःपुन्हा चालवून आकडे दुरुस्त करावे लागतात. क्लचचेही तसेच. वाढीव टॉर्क पेलण्यासाठी बसविलेला जड क्लच तासभराच्या कोंडीत डाव्या पायाला शिक्षा ठरतो. तेव्हा तो गरजेपुरताच भक्कम निवडावा. ब्रेक आणि टायर यांचा विचार तर शक्तीच्या आधी करावा.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालत नाही. जपानात नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ या सक्तीच्या तपासणीस उभी राहते, तेथे धूर आणि आवाज यांची मोजणी होते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. त्यामुळे असा छंद करणाऱ्याने काम हाती घेण्यापूर्वीच परवानगीची चौकशी करावी.

ज्याला ही गाडी रोज वापरायची आहे, त्याने हजाराच्या आकड्याचा मोह सोडून मध्यम आकाराचा, बॉल-बेअरिंगवर फिरणारा आधुनिक टर्बो घ्यावा आणि वाचलेला पैसा इंटरकूलर, ब्रेक व सावकाश केलेले ट्यूनिंग यांवर खर्च करावा. अशी गाडी डायनोवरच्या स्पर्धेत मागे पडेल. पण तिचे सामर्थ्य रोज, मालकाच्या मनात येईल त्या क्षणी, त्याच्या उपयोगी पडेल, आणि फेरफाराला यश आले असे त्याच गाडीविषयी म्हणता येईल.