खोली सोडताना : रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी

सध्या चाळी पडण्याचे आणि टॉवर उभे राहण्याचे दिवस आहेत. मुंबईतील बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात नव्या घराच्या चाव्या पडल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणी मिळून १९५ चाळी. एकेका चाळीत ८० खोल्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या त्या खोलीतून निघून माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत. मधल्या काळात कोणी संक्रमण शिबिरात राहते, कोणी भाड्याने. म्हणजे पुष्कळ घरांना बिऱ्हाड एकदा नव्हे, दोनदा हलवावे लागते.

बाहेरच्या माणसाला वाटते, १६० फुटांच्या खोलीत सामान ते कितीसे असणार! त्याने एकदा पोटमाळ्यावर चढून पाहावे. तीन पिढ्यांचा संसार तिथे रचलेला असतो. गिरणी चालू होती तेव्हाची पत्र्याची पेटी, आजीच्या गोधड्या, पितळी हंडा, पाटा-वरवंटा, तुटका पाळणा, मुलांची पाचवीपासूनची पुस्तके. चावी मिळाल्याचा निरोप आला की घरात एकच धांदल उडते आणि पहिली हाक रद्दीवाल्याला जाते. माझे सांगणे एवढेच, की त्याला सर्वांत शेवटी बोलवा. आधी ती पत्र्याची पेटी खाली उतरवा.

मी कारकून माणूस. नोकरीत कागद आणि संध्याकाळी वस्तीतही लोकांचे कागद, यातच आयुष्य गेले. म्हणून कागदाबद्दल जरा जास्त लिहितो.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेच्या आधी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि जात कोणती होती, याचा पुरावा मागतात. हा पुरावा तुमच्या-माझ्या नावाचा असू शकत नाही, तो आजोबा-पणजोबांच्या नावाचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, जमिनीचा उतारा, कधी गिरणीतील नोकरीचा कागद, कधी जुनी भाडेपावती. पुढे १९५६ साली धम्मदीक्षा झाली आणि पुष्कळ घरांत मुलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लागले. केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरी, असे आपल्या घरोघरी आहे. ही साखळी जोडून दाखवायची तर मधला एकही दुवा हरवून चालत नाही.

एका कुटुंबाची हकीकत सांगतो. घर रिकामे करताना मुलांनी पोटमाळा साफ केला. वाळवी लागलेल्या वह्यांबरोबर आजोबांचा चौथीचा दाखलाही रद्दीत गेला. पिवळा पडलेला, मोडी अक्षरांतला कागद, मुलांना काय कळणार! दोन वर्षांनी नातीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा होता, तेव्हा पडताळणीत प्रकरण अडकले. वडिलांनी चार खाडे करून गाव गाठले. शाळेचे जुने रजिस्टर नशिबाने शाबूत होते, म्हणून मुलीचे वर्ष वाचले. सगळ्याच गावांची रजिस्टरे शाबूत नाहीत.

तेव्हा घरातील जे कोणी सर्वांत वडीलधारे असेल, त्यांना शेजारी बसवून पेटी उघडा. “आजी, हा कागद कुणाचा?” असे एकेक विचारा. मोडीतला कागद वाचता आला नाही तर तो ठेवायचाच, जाणकाराकडून नंतर वाचून घेता येतो. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उष्णतेने शाई व शिक्के बिघडतात आणि नंतर कागद सुटा करता येत नाही. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सुटे ठेवा, झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या. भाडेपावत्या, वीजबिले, सासऱ्यांचा मृत्यूदाखला, वारसाचे कागद, गॅसच्या डिपॉझिटची पावती, मुलांचे सगळे दाखले, हे सारे एका पिशवीत. ही पिशवी टेम्पोत चढवायची नाही. ती घरातल्या बाईच्या खांद्याला राहील.

बाईच्या, हे मी जाणूनबुजून लिहिले. आपल्याकडे सामान बाई बांधते आणि कागद पुरुष सांभाळतो, अशी वाटणी पडली आहे. मग पुरुष गेला की बाईला कोणता कागद कुठे आहे हेही ठाऊक नसते. खोली सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारलेले, नवरा वारलेला आणि तिघे दीर दारात उभे, अशा किती भगिनी मी पाहिल्या! नव्या घराच्या कागदावर नवरा-बायको दोघांची नावे लागत असतील तर ती लावून घ्या. आणि सामान बांधायला पुरुषांनीही बसावे. टेम्पो ठरवून आलो म्हणजे काम झाले, असे नाही.

आता सामानाकडे वळू. पुठ्ठ्याची खोकी वाण्याकडे, औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. पंधरा दिवस आधीपासून गोळा करा. जे रोज लागत नाही ते आधी बांधा, स्वयंपाकघर सगळ्यांत शेवटी. काचेची भांडी कागदाऐवजी मुलांच्या जुन्या कपड्यांत गुंडाळावीत, कपडेही जातात आणि भांडीही सुखरूप राहतात. डाळी-मसाल्यांच्या डब्यांच्या झाकणांना चिकटपट्टी लावा, नाहीतर नव्या घरी हळद-तिखट वेचत बसाल. एक पिशवी मात्र वेगळी करा : स्टोव्ह किंवा शेगडी, एक पातेले, चार ताटल्या, साखर-चहा, काडेपेटी, मेणबत्ती, औषधे, झाडू, एक बल्ब आणि स्क्रू ड्रायव्हर. ती सर्वांत शेवटी चढेल आणि सर्वांत आधी उतरेल.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यावा, पुसून कोरडा करावा आणि उभाच न्यावा. नव्या घरी नेल्यावर लगेच चालू न करता काही तास तसाच ठेवावा. गॅसचा सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभाच न्यायचा. आडवा करून गाद्यांखाली दडपण्याचे धाडस कोणी करू नये. फिनेल, रॉकेल, ॲसिड यांची बाटली धान्याच्या खोक्यात नको. दुसऱ्या गावाला जाणार असाल तर एजन्सीकडे सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून त्याचे कागद घ्या, नाहीतर डिपॉझिट बुडते.

पुस्तकांचे खोके लहानच हवे. मोठ्या खोक्यात पुस्तके भरली की तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी एका खोक्यात चार-पाचच ठेवावेत. पुस्तके हरवल्याचे दुःख काय असते हे बाबासाहेबांना विचारावे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडाली आणि ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, त्या पैशांतून त्यांनी बडोद्याला जाण्याची सोय केली. ग्रंथ मात्र गेले ते गेलेच. तसबिरींच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारून, चादरीत गुंडाळून उभ्या न्याव्यात, आडव्या रचल्या तर काच तडकते. आमच्याकडे बहुतेक घरांत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर कोणीतरी मांडीवरच घेऊन जाते. तेच बरे.

दिवस कोणता धरावा? मुहूर्ताचा प्रश्न आपल्याला नाही. तेव्हा मुलांच्या परीक्षा, पावसाचा जोर आणि टेम्पोचा दर, एवढेच पाहायचे. पितृपंधरवड्यात इतर लोक बिऱ्हाड हलवीत नाहीत, टेम्पोवाले मोकळे असतात, घासाघीस करता येते. शनिवार-रविवारऐवजी मधल्या वारी एक रजा टाकली तर हमालही सावकाश काम करतात. नव्या इमारतीत सामानासाठी कोणती लिफ्ट, कोणत्या वेळेत, हे आदल्या दिवशी विचारून या. तिसाव्या मजल्यावर कपाट जिन्याने चढवायची पाळी कोणावर येऊ नये.

म्हाताऱ्या माणसांचे काय, हा अवघड भाग आहे. सुनेला वाटते, नव्या घरात जुना पसारा नको. सासूबाई वाटा-वरवंट्याला हात लावू देत नाहीत. मी अशा भांडणांत मध्यस्थी केली आहे. एक तोड बरी निघते. सासूबाईंना एक खोके द्यावे आणि सांगावे, “आई, यात मावेल ते तुमचे, त्याबद्दल कोणी काही विचारणार नाही.” एका आजींनी त्या खोक्यात नवऱ्याचा गिरणीतला डबा, एक निळी साडी आणि चाळीच्या दाराची कडी ठेवली होती. पाटा त्यांनी आपण होऊन शेजारणीला दिला.

नव्या घरासाठी हप्त्यावर सोफा आणि मोठा टी.व्ही. घेण्याची घाई करू नका. तीन-चार महिने जुन्याच सामानात राहून पाहा. विजेचे बिल, पाण्याचा खर्च, इमारतीची वर्गणी किती येते ते कळू द्या, मग काय घ्यायचे ते ठरवा.

निघायच्या दिवशी पंखे, बल्ब, भिंतीवरचे खिळे, मोरीतली बादली, खिडकीवरची वायर हे सगळे फिरून पाहा. मीटरचे रीडिंग लिहून फोटो घ्या. चावी परत करताना ताबा दिल्याची पावती हातात घेतल्याशिवाय जागा सोडू नका, तोंडी भरवसा नको. मग पुढच्या आठवड्यात पत्ते बदलायला बसा : आधार, बँक, मुलांची शाळा, पेन्शनीत असाल तर पेन्शनचे कार्यालय. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरावा लागतो. अन्नसुरक्षेचे धान्य अंगठा देऊन कोणत्याही रेशन दुकानावर मिळते, त्यामुळे कार्डावरचा पत्ता बदलेपर्यंत धान्य थांबत नाही. दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालत न बसता शिधावाटप कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच त्याच पिशवीत ठेवावी.