संगणकाची निरवानिरव

संगणकाला ‘आता पुरे’ असे सांगून वीस मिनिटे लोटली, तरी पडद्यावरील ‘शटिंग डाउन’ हे दोन शब्द आणि त्यांच्या डोक्यावर गरगरणारे ठिपक्यांचे कडे जागचे हलेनात, तेव्हा माझ्या पुतण्याने भिंतीवरील खटक्याकडे हात नेला आणि मी त्याला ‘अरे, थांब’ म्हणून अडविले. ‘काका, यंत्रच ते, त्याला काय कळतंय?’ हे त्याचे उत्तर तर्कदृष्ट्या बिनतोड असले, तरी वस्तुस्थितीस धरून नव्हते. पंख्याचा खटका दाबला म्हणजे प्रवाह खंडित होतो आणि प्रकरण तेथेच निकालात निघते. संगणक मात्र बंद होण्यापूर्वी आपली निरवानिरव करतो, आणि ती अडली म्हणजे तो अडतो.

ज्यांनी विंडोज ९५ वापरली असेल त्यांना स्मरत असेल की, त्या काळी बंद करण्याचा हुकूम दिल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचा दाखला मिळे, आणि मग माणसाने स्वतःच्या बोटाने बटण दाबावयाचे असे. घरातील वीज प्रत्यक्ष त्या बटणातूनच आत जात असल्यामुळे आज्ञावलीस ती तोडण्याचा अधिकारच नव्हता. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाची रचना प्रसृत केली आणि हा अधिकार बटणाकडून काढून घेतला. तेव्हापासून पुढील बटण हे केवळ विनंतीचे साधन झाले. वीजपुरवठ्याच्या पेटीतून मदरबोर्डाकडे जाणाऱ्या एका हिरव्या तारेवरील संकेतानुसार पेटी चालू वा बंद होऊ लागली, आणि यंत्र झोपलेले असतानाही ५ व्होल्टचा एक क्षीण प्रवाह पहारेकऱ्यासारखा अखंड जागा राहू लागला. पुढे १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा करार सिद्ध केला व विजेचा सारा कारभार कार्यकारी प्रणालीच्या हाती सोपविला. सोय मोठीच झाली, परंतु तक्रारीचे बीजही तेथेच पेरले गेले, कारण ज्याच्या हाती किल्ल्या तोच आतल्या आत अडकून पडला तर बाहेरच्याने दार लावावे कसे?

विंडोजमध्ये हे काम एखादी सरकारी कचेरी बरखास्त व्हावी तशा शिरस्त्याने चालते. प्रथम उघड्या असलेल्या प्रत्येक कार्यक्रमास ‘सत्र संपत आहे, तुमची काही हरकत?’ अशी पृच्छा होते. हरकत असणारा, म्हणजे बहुधा ज्याच्या पोटात जतन न केलेला मजकूर आहे असा कार्यक्रम, आपली कैफियत मांडतो, आणि जो सुमारे ५ सेकंदांत काहीच बोलत नाही तो बधिर झाला असे गृहीत धरले जाते. अशा साऱ्यांची यादी पडद्यावर येते व खाली ‘शट डाउन एनीवे’ हे निर्वाणीचे बटण असते. लोक ते डोळे मिटून दाबतात. माझे मत असे की, ती यादी वाचणे हाच निम्मा उपचार आहे, कारण अपराध्याचे नाव इतक्या उघडपणे पुन्हा कोठेही सांगितले जात नाही. या पायरीनंतर पडद्याआड राबणाऱ्या सेवांची पाळी येते, आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर नावाच्या मध्यस्थांची, जे प्रिंटर, ध्वनी, जाळे अशा एकेका उपकरणाशी बोलणी करीत असतात. कार्यक्रमास दटावता येते, सेवेस मुदत घालून देता येते. ड्रायव्हर मात्र प्रणालीच्या गाभ्यात बसलेला असल्यामुळे तो ‘माझे उपकरण अद्याप उत्तर देत नाही’ म्हणून अडून बसला की सारी कचेरी ताटकळते, आणि प्रसंगी निळ्या पडद्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असा पंचनामा प्रकट होतो. तो पडदा क्षणभरच टिकून यंत्र आपोआप पुन्हा चालू होत असल्यामुळे, ‘बंद करावे तर उलट सुरूच होतो’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा बंद होतानाच कोसळणे हे कारण असते. विंडोज ९८ च्या काळी तर निरोपाच्या वेळी वाजणाऱ्या सुरावटीची फाईल बिघडल्यामुळे यंत्रे अडकत. निरोपसमारंभातील गाणे बिघडले म्हणून पाहुण्याने घरच सोडू नये, तशातला तो प्रकार.

तेव्हा निदान करताना पहिला प्रश्न असा की, गाडी कोणत्या ठाण्यावर थांबली? कार्यक्रमांची यादी दिसत असेल तर दोष त्या कार्यक्रमांत शोधावा. ठिपके गरगरत असतील तर सेवा किंवा ड्रायव्हर यांवर संशय घ्यावा. पडदा काळा झाला पण आतला पंखा घोंघावत राहिला, तर प्रणालीने आपले काम पुष्कळसे उरकूनही शेवटचा हुकूम विजेच्या पेटीपर्यंत पोचलेला नसतो, आणि अशा वेळी बायॉसची नवी आवृत्ती किंवा मदरबोर्डाचे नवे ड्रायव्हर उपयोगी पडतात. पडद्यावर अद्ययावतीकरणाची टक्केवारी दिसत असेल, तर मात्र काही करू नये, स्वस्थ बसावे.

येथे एका फसव्या शब्दाविषयी लिहिल्याखेरीज पुढे जाववत नाही. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची युक्ती आली. तिच्या योगे ‘शट डाउन’ म्हटल्यावर आपले कार्यक्रम बंद होतात खरे, पण प्रणालीचा गाभा बंद होत नाही. त्याची तत्कालीन स्थिती एका फाईलमध्ये लिहून ठेवली जाते व दुसऱ्या दिवशी तशीच उचलून मांडली जाते. दररोज रात्री नेमाने बंद केलेल्या माझ्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘अप टाइम’ या सदरात तेवीस दिवसांचा अखंड जागर नोंदलेला पाहून मी थक्क झालो होतो. सकाळी लवकर उठता यावे म्हणून रात्री झोपल्याचे सोंग करणाऱ्यास आपण निद्रिस्त म्हणत नाही, आणि या व्यवहारास ‘शट डाउन’ हे नाव देणे मला आजही अप्रामाणिकपणाचे वाटते. गाभ्यातील बिघाडही त्यामुळे दिवसानुदिवस जसाच्या तसा वाहत येतो. गमतीची गोष्ट अशी की, ‘रिस्टार्ट’ या आज्ञेत मात्र गाभा खरोखर मिटून नव्याने उभा राहतो. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केले तरीही संपूर्ण बंद होतो, आणि कायमचा बंदोबस्त हवा असेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ या विभागात, पॉवरच्या बटणांनी काय करावे हे ठरविण्याच्या पानावर, त्या युक्तीपुढील खूण काढून टाकता येते.

आता बळजबरीविषयी. पॉवरचे बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरले की यंत्र कोणाचीही हरकत न ऐकता बंद होते. ती मुभा मुद्दाम ठेवलेली आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाईलव्यवस्था बदल करण्यापूर्वी त्याची टिपणी रोजनाम्यात करीत असल्यामुळे एखाद्या वेळच्या अशा आघाताने तिचे कोठार सहसा विस्कटत नाही. मात्र हा रोजनामा कोठाराच्या मांडणीचा रक्षक आहे, आपल्या अर्धवट लिहिलेल्या पत्राचा नव्हे. अशा प्रत्येक बळजबरीची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या दप्तरात होते. ६००६ हा आकडा दिसला तर निरोप रीतसर झाला असे समजावे, ६००८ किंवा ४१ दिसला तर तो अवचित झाला, आणि १०७४ च्या नोंदीत बंद करण्याचा हुकूम कोणी दिला तेही लिहिलेले असते.

माझ्या संगणकाची चौकशी मी दोन संध्याकाळ केली. दुरुस्तीच्या एका दुकानदाराने तपासल्यावाचून विजेची पेटी बदलण्याचा सल्ला दिला होता, तो मी तहकूब ठेवला. ‘रिस्टार्ट’ करून पाहिले, तेही अडले. मग यूएसबीला जोडलेली उपकरणे एकेक काढीत गेलो. वेबकॅम काढला, स्पीकर काढले, फरक पडला नाही. जुन्या प्रिंटरची तार उपटली आणि संगणक मुकाट्याने बंद झाला. त्या प्रिंटरचा ड्रायव्हर मागच्या संगणकापासून तसाच चालत आला होता. तो काढून उत्पादकाने दिलेला नवा बसविला, प्रिंटर पुन्हा जोडला, आणि त्या रात्री हुकूम दिल्यापासून दिवा मालवेपर्यंत घड्याळात चौदा सेकंद मोजले. पुतण्या तोवर खटक्याजवळच उभा होता.