पुढची तारीख

पेशंटला उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवेकडे पाठवणारी रेफरलची चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं पुरतात. पण कर्करोगतज्ज्ञाच्या ओपीडीत एका कोपऱ्यात बसून पाहिलं की कळतं, ती दोन मिनिटं कित्येक आठवडे निघत नाहीत. पेशंट स्ट्रेचरवर, बाहेर. मुलगा फाईल पुढे सरकवतो. "बाबांना काही सांगू नका हं डॉक्टर." डॉक्टर रिपोर्ट चाळतात, थोडं थांबतात, म्हणतात, "अजून एक सायकल देऊन बघू." केमोची तारीख पडते.

याला निर्दयपणा म्हणावा, तर तसा तो नाही. उलटच. शिकागोत निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमोंट यांनी हॉस्पिसकडे, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेकडे, पाठवल्या जाणाऱ्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं, हे किती दिवस काढतील? २००० साली निष्कर्ष छापून आले. अंदाज बरोबर निघाले जेमतेम २० टक्के. ६३ टक्के अंदाजांत जास्त आयुष्य सांगितलं होतं. आणि ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला! जीव जडला की हिशेब चुकतो. घरच्यांचं होतं तेच डॉक्टरांचं.

भारतातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं 'शांती अवेदना सदन', १९८६ साली उभं केलं तेही डॉ. एल. जे. डिसूझा या कर्करोग शल्यविशारदांनीच. तरीही तिकडे पाठवणं म्हणजे हात टेकणं, ही समजूत वॉर्डातून गेलेली नाही. वेदनेसाठी मॉर्फिनचं नाव काढलं तर "सवय लागेल" असं म्हणणारे डॉक्टर आजही भेटतात. ज्याला रात्रभर कूस बदलता येत नाही, त्याला कसली सवय लागायची?

बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली आला. निदानानंतर लवकरच ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत उपशामक सेवाही मिळाली, त्यांच्या जगण्याचा मध्यक ११.६ महिने निघाला, बाकीच्यांचा ८.९. शेवटच्या दिवसांतले आक्रमक उपचार उपशामक सेवा मिळालेल्यांपैकी कमी जणांनी घेतले होते, तरीही.

त्याच ओपीडीतल्या एक तरुण डॉक्टरीणबाई चिठ्ठी लवकर देतात. केमो चालू असतानाच. नातेवाइकांचे चेहरे पडतात. "म्हणजे तुम्ही सोडलंत आम्हाला?" त्या वाद घालत नाहीत. केसपेपर ओढून घेतात आणि चिठ्ठीच्या आधी स्वतःच्या ओपीडीची पुढची तारीख लिहितात.