कळव्याची लाइन गेली तेव्हा...

सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑगस्ट 2020 च्या निकालाने कोरोनाकाळातही अंतिम वर्षाच्या परीक्षा अटळ झाल्या. ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाचा पेपर थेट घरात आला. बहुपर्यायी प्रश्न, समोर मोबाइल किंवा लॅपटॉप. पहिल्याच आठवड्यात दूरशिक्षण देणाऱ्या ‘आयडॉल’च्या परीक्षेत अडथळा आला, विद्यापीठाने कारण दिले सायबर हल्ल्याचे.

मग 12 ऑक्टोबर, सोमवार. कळवा-पडघा 400 केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. घरातले वायफाय सगळ्यात आधी जाते. राउटरचा हिरवा दिवा विझला की लॅपटॉप चार्ज असूनही उपयोग नाही. उरतो मोबाइल डेटा. पण टॉवरही बॅटरीवर, आणि सगळी सोसायटी त्याच टॉवरवर. अभ्यास पूर्ण झालेल्या मुलांनी चार्जिंगचे टक्के मोजत बसावे, हे फार वाईट. त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले.

ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजने वेळापत्रकातच फेरपरीक्षेची तारीखही छापावी.