हिशेब आणि क्षमायाचना : संकटकाळच्या प्रार्थनेविषयी

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात ईश्वराला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. चौघेही उदार खरे. परंतु श्रेष्ठत्वाचा मान ज्ञान्याला मिळतो. देशी भाषांतील भक्तिकाव्य मात्र बव्हंशी आर्ताचे आहे. संकटात सापडलेल्या माणसाची बुद्धी झाकोळते, तर्क थकतो आणि मग तो हात जोडतो, असे त्याच्याविषयी सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे सतराव्या शतकातील दोन कवींच्या रचनांवरून पाहता येते. त्यांपैकी एक मराठी आहे, दुसरा तेलुगू.

देहूचे तुकाराम हे व्यवसायाने वाणी. १६३०-३१ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. परंपरेने मानलेले १६०८ हे जन्मवर्ष धरल्यास तेव्हा ते विशीच्या प्रारंभी होते. दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला, एक पत्नी अन्नाचा धावा करीत मरण पावली, हे सारे त्यांनी आपल्या आत्मपर अभंगात सांगितले आहे, आणि तेही एखादी नोंद करावी तितक्या थोडक्यात. त्यात ईश्वराने वाचविल्याचा उल्लेख नाही. कारण कोणी वाचले नव्हते. दुसऱ्या एका अभंगात तर दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा दिली तीही बरी झाली, अशी जमा मांडलेली आढळते. सामान्य व्यवहारात जे खर्ची पडते, ते येथे जमेच्या बाजूस येते. हा विवेकाचा त्याग नव्हे. हिशेबाची रीत तीच आहे. खाते तेवढे बदलले आहे.

परंपरा सांगते की वाटणीस आलेली कर्जखते तुकारामांनी स्वतः इंद्रायणीत सोडली. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडविणे त्यांना भाग पडले. वही हा शब्द मराठीत देण्याघेण्याच्या नोंदींना चालतो तसाच कवितेलाही, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. देव ऋणी आहे, त्याने शब्द दिला आहे, तो पाळत नाही, अशी भाषा तुकारामांच्या करुणापर अभंगांत वारंवार येते. तिच्यात दावा आहे, पुरावा आहे, प्रसंगी तगादाही आहे.

गोवळकोंड्याच्या कारागृहातील कंचर्ला गोपन्न, म्हणजेच भद्राचल रामदासू, ह्यांचा तगादा याहून उघड आहे. भद्राचलमच्या राममंदिरावर राज्याचा महसूल खर्च केल्याच्या आरोपावरून अबुल हसन कुत्बशाहाच्या राजवटीत (१६७२-१६८७) त्यांना बंदिवास घडला. त्यांच्या एका विख्यात कीर्तनात कवी रामाला प्राकाराचा खर्च सांगतो. भरत, शत्रुघ्न, लक्ष्मण आणि सीता ह्यांच्यासाठी घडविलेल्या अलंकारांची यादी तो किमतींसह देतो, आणि हे सारे काय तुझ्या बापाने पाठविले होते की सासऱ्याने, असे विचारतो. ताळेबंद मांडणाऱ्या ह्या कवीची बुद्धी झाकोळली आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. महसुली अधिकाऱ्याचीच ती लेखणी आहे.

दोन्ही कवी शेवटी क्षमा मागतात, आणि ह्या विषयाचे मर्म तेथेच आहे. रामदासू म्हणतात, शिव्या दिल्या म्हणून राग मानू नको; मार सोसवेना, म्हणून बोललो. यादीतील एकही रक्कम ते मागे घेत नाहीत. तुकारामांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. वह्या बुडाल्यावर ते तेरा दिवस डोळे मिटून बसले, आणि वह्या कोरड्या परत मिळाल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेपुरते पाहिले तर प्रार्थना फळली, कसोटी पार पडली. पण त्यानंतरच्या अभंगात कृतार्थतेपेक्षा ओशाळलेपण अधिक आहे. लोकांच्या बोलण्याने मी चित्त क्षोभविले, तुझा अंत पाहिला, तुला शिणविले, असा अपराध ते कबूल करतात. शंका घेतल्याचा हा पश्चात्ताप नव्हे. भांडणाचा तर नव्हेच, कारण भांडण आयुष्यभर चालू होते. खंत आहे ती परीक्षा घेतल्याची. तर्काला मर्यादा पडते ती नेमकी येथे : जाब विचारणे नात्यात बसते, कसोटी लावणे बसत नाही.

१८७२ साली इंग्लंडात फ्रान्सिस गॅल्टन ह्यांनी प्रार्थनेची परिणामकारकता आकड्यांनी तपासली. राजघराण्यातील व्यक्तींच्या दीर्घायुष्यासाठी सार्वजनिक प्रार्थना होत असूनही सुखवस्तू वर्गांत त्याच सर्वांत अल्पायुषी ठरतात, असे त्यांना आढळले. युक्तिवाद चोख आहे, आणि फलप्राप्तीची हमी देणाऱ्या श्रद्धेला त्यावर उत्तर देणे अवघड. तुकारामांच्या अभंगाला मात्र तो आव्हान देत नाही; पत्नी उपासमारीने गेली, हा निकाल त्या अभंगाने आधीच नोंदविलेला आहे.

ह्याच सुमारास मुंबईत विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी संपादिलेली तुकारामांची गाथा दोन भागांत (१८६९, १८७३) प्रसिद्ध झाली. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या उपासनेत हे अभंग गायिले जाऊ लागले. अवतार आणि मूर्तिपूजा समाजाला अमान्य होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्या विद्वानांना तुकारामांतील नीती, अनन्यता आणि आत्मपरीक्षण ह्यांचे मोल पुरेपूर कळले होते, ह्यात शंका नाही. पण विटेवर उभ्या असलेल्या, कर कटीवर ठेवून स्वस्थ राहिलेल्या एका धन्याला उद्देशून केलेला तगादा निराकार, नियमबद्ध ईश्वरापुढे म्हटला जातो तेव्हा त्याचे रूप पालटते. तक्रार विनवणी होते. ऋणको उरत नाही, आणि म्हणून तेरा दिवसांनंतर क्षमा कोणत्या अपराधाची मागावयाची, हेही त्या उपासनेत सांगता येत नाही.