काचेच्या तारेलाही गळती!

‘ऑप्टिकल फायबर टॅप करताच येत नाही’ असं मी व्हायवामध्ये छातीठोकपणे सांगितलं. सरांनी काही न बोलता एक पॅच कॉर्ड पेन्सिलीभोवती गुंडाळली आणि पॉवर मीटरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर खाली आला!

फायबर जास्त वाकवली की थोडा प्रकाश काचेतून बाहेर निसटतो. चोर तोच पकडतो. केबल तोडावी लागत नाही, नेटही बंद पडत नाही.

मग चोरी कळणार कशी? आम्हा मलकापूरकरांना हे सोपं आहे. आमच्या गावची २४ तास मीटरने पाणी देण्याची योजना गाजलेली. टाकीतून सोडलेलं पाणी आणि मीटरवरचं पाणी जुळलं नाही, की समजायचं, कुठेतरी गळतंय. फायबरमध्ये हाच हिशोब डेसिबलमध्ये होतो. गळती नेमकी कुठे, ते ओटीडीआर हे यंत्र सांगतं. ते प्रकाशाची पल्स सोडून मागे परतणारा प्रकाश मोजतं. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख कि.मी. असतो. म्हणजे २० मायक्रोसेकंदांनी परतलेल्या प्रकाशात अचानक घट दिसली, तर जागा २ कि.मी. वर!

पण १ टक्काच प्रकाश चोरला तर घट जेमतेम ०.०४ डेसिबल. एखाद्या जोडातही तेवढी होते. म्हणून लाइन टाकतानाचा आलेख जपून ठेवून नव्या आलेखाशी ताडून पाहावा लागतो. शिवाय डेटा एन्क्रिप्ट केलेला बरा, म्हणजे प्रकाश चोरला तरी मजकूर हाती लागत नाही.

व्हायवाचे मार्क गेले, पण ‘फायबर म्हणजे सेफ’ हा गैरसमजही गेला!